अयोध्याबाईच्या शेळ्या आणि तुमचा ड्रोन

भूम, रविवार

तीर्थस्वरूप उत्तरेश्वर दाजींच्या पायाशी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे बिभीषणचा, वाकून नमस्कार.

सर्वांत आधी एक गाऱ्हाणं नोंदवतो, कारण ते मनात ठेवून खुशाली विचारणं मला ढोंगीपणाचं वाटतं. तुमच्या ड्रोनच्या पेटीत पंख्यांना खाच आहे, बॅटऱ्यांना खाच आहे, वायरीला आहे, इवल्याशा पेचकसाला आहे, एवढंच काय, पुसायच्या फडक्यालासुद्धा स्पंजात स्वतंत्र घर आहे. चष्म्याला नाही. माणसानं आकाशातून काय काय बघावं हे ज्यांना कळलं, त्यांना तो ते कशातून बघणार हे कळू नये, याला काय म्हणावं? परिणामी माझा चष्मा सध्या साठवण तलावाच्या तळाशी मासे वापरतायत, आणि हे पत्र मी आमच्या हिच्या, म्हणजे राजेश्वरीच्या, गुलाबी दांड्यांच्या चष्म्यातून लिहितोय. तहसीलसमोरच्या माझ्या दुकानात अर्ज टंकून घ्यायला आलेली माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात, मग बाहेर जाऊन पाटी वाचतात, आणि मगच आत येतात.

असो. अक्काचे गुडघे कसे आहेत? लातूरच्या डॉक्टरनं जिना चढू नका सांगितलंय आणि तुम्ही घर तिसऱ्या मजल्यावर घेतलंय, तेव्हा गुडघ्यांनी कुणाचं ऐकावं हा प्रश्नच आहे. तुमचा रक्तदाब ताब्यात असेल. सकाळची गोळी घेतली नसेल तर ती घेऊन पुढचं वाचावं. घेतली असेल तर दुसरी हाताशी असू द्यावी.

गणपतीत तुम्ही आलात, रानाचं वरून चित्रीकरण केलंत (बांध शेजाऱ्यानं कोरला नसून तो मुळातच वाकडा आहे हे सिद्ध झाल्यावर पुन्हा त्याचं नाव काढलं नाहीत), आणि जाताना पेटी माझ्या कपाटावर ठेवून बजावलंत : हात लावायचा नाही, लावलाच तर पाण्यावर न्यायचा नाही, आणि नेलाच तर नजरेआड होऊ द्यायचा नाही. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाची ही बांधबंदिस्ती बघून मी तेव्हाच थक्क झालो होतो. यातली तिसरी सूचना मी अक्षरशः पाळली आहे. पहिल्या दोन का पाळता आल्या नाहीत, तेवढंच आता सांगायचं उरलं.

गुरुवारी दुकानात वस्तीवरची अयोध्याबाई आली. तुम्ही तिला ओळखत नाही, पण तिचा आवाज वारा बरा असेल तर लातूरला येत असावा. तलावाच्या मधोमध एक टेकडी आहे. उन्हाळाभर ती काठाला जोडलेली असते आणि अयोध्याबाईच्या शेळ्या तिथंच चरतात. यंदाचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. आदल्या दिवशी दुपारी शेळ्या टेकडीवर, वर ढगफुटीसारखा पाऊस, आणि संध्याकाळपर्यंत टेकडीचं बेट. भोवती वेड्या बाभळीची अशी दाट जाळी की आत हत्ती असला तरी बाहेरून दिसायचा नाही. मासेमारी सोसायटीचा गोरोबा आपली पत्र्याची होडी घेऊन बेटाला चक्कर मारून आला, दोन हाका मारल्या, आणि गावात येऊन जाहीर केलं की शेळ्या वाहून गेल्या. गावाला हे पटलं. (गावाला कुठलीही वाईट बातमी लवकर पटते, चांगलीला मात्र पुरावा लागतो.) एकट्या अयोध्याबाईला पटलं नाही, कारण पहाटे काठावर उभं राहून तिनं ओरडणं ऐकलं होतं. दोन शेळ्या गाभण, घरात सून बाळंतीण, आणि दूध काय ते त्याच कळपाचं.

"अर्ज लिवा," ती म्हणाली. मी विचारलं, कुणाच्या नावे? तर म्हणे, "ज्याला पवता येतंय त्याच्या नावानं लिवा!"

दाजी, वीस-पंचवीस वर्षं मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहीत आलोय, पण उपरोक्त विषय समोर उभा राहून पदरानं डोळे पुसतोय असं फार वेळा घडलेलं नाही. अर्ज टंकला असता तर तो आवक विभागात जाईपर्यंत शेळ्यांनी बेटावरचा पाला संपवला असता, पुढं सरकेपर्यंत एकमेकींचे कान. माझी नजर घरी गेली. म्हणजे कपाटावर गेली.

शुक्रवारी सकाळी आम्ही काठावर. बेट तिथून अंगठ्याएवढं दिसत होतं, तेव्हा तुमची तिसरी सूचना पाळायची तर होडीत बसणं भाग होतं. गोरोबाचा चेहरा पडलेला. शेळ्या सापडल्या तर त्याची चक्कर खोटी ठरणार होती.

"रायटर, उगं कशाला इमान भिजवता? म्या सवता बघून आलोय. तिथं काय बी न्हाय."

अयोध्याबाई म्हणाली, "तू बघाय गेलतास का तंबाकू मळाय?"

यावर तो वल्हं शोधू लागला, जे त्याच्या हातातच होतं.

उडवण्याआधी पूजा. मी म्हटलं याची गरज नाही, हे यंत्र आहे. अयोध्याबाई म्हणाली, ट्रॅक्टर काय मग देव हाय का? त्याला करताव की. काठावरच्या सगळ्या गावानं माना डोलावल्या. तिनं कॅमेऱ्याच्या बरोबर भिंगाला कुंकू लावलं (नाकासारखं तेवढंच पुढं होतं, तिचाही दोष नाही), आणि काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची ड्रोनच्या पोटाखाली हातभर लोंबतं बांधलं. पुढचा प्रश्न, उडवायचं कुठून? होडीत पाणी साचलेलं, आणि पत्र्यावर ठेवला की ड्रोनला दिशा कळेना. फोन नुसता ओरडत होता. शेवटी कुणीतरी वस्तीवरून जेवणाचा लाकडी पाट आणला आणि आम्ही तिघं होडीतून भर पाण्यात गेलो. गोरोबा होडीच्या टोकाला मांडी घालून बसला, पाट त्याच्या डोक्यावर, पाटावर कुंकू लावलेला तुमचा ड्रोन. लग्नात नवरदेवाची झाली नसेल एवढी शोभा. काठावरून कुणीतरी मंगलाष्टकं सुरू केली, त्याचं नाव मी नंतर शोधून काढणार आहे.

आणि दाजी, उडाला! गोरोबाच्या डोक्यावरून असा भर्रकन गेला की त्याची टोपी तळ्यात आणि तो होडीच्या बुडाशी. फोनवर बघतो तर सगळं तळं लालभडक. कुंकू आहे हे ध्यानात यायला जरा वेळ लागला, मग वाऱ्यानंच ते थोडं पुसलं आणि एका कोपऱ्यातून खरं जग दिसू लागलं. त्या कोपऱ्यात बेट आलं. बाभळी आल्या. बाभळींच्या मध्ये मोकळी जागा आली. आणि त्या जागेत, मान वर करून आभाळाकडं बघत, रवंथ करणाऱ्या शेळ्या!

अयोध्याबाईनं फोन माझ्या हातातून जवळजवळ उपटलाच. "ती लाली! ती बघा मोरी! अगं माझी चंद्री गं!" आणि मग तिनं फोन डोळ्यांशी नेला. चंद्रीच्या पोटाशी काहीतरी इवलंसं पांढरं धडपडत उभं राहत होतं. बेटावरच व्याली होती. पुढं दाजी, मी फोनकडं बघत नव्हतो, पाण्याकडं बघत होतो. ऊन डोळ्यांवर येत होतं, दुसरं काही नाही.

आता त्यांना बाहेर कसं काढायचं? वरून दिसलं की बेटाच्या पलीकडच्या अंगाला मुरमाची एक मोकळी पट्टी पाण्यापर्यंत उतरते. गोरोबाची चक्कर तिथपर्यंत पोचलीच नव्हती. त्यानं होडी वळवली आणि अशी वल्हवली की जणू ती पट्टी त्यानंच टाकली. तिथं लागलो, अयोध्याबाई गुडघाभर पाण्यात उतरून हाका मारू लागली, आणि मी ड्रोन शेळ्यांच्या मागं नेला. इथं एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. चालता असला की ड्रोन सांगेल तसं खाली येई, पण थांबला की हट्टानं वरच तरंगत राही. कारण असं : चालताना लिंबू मागं लोंबे, थांबला की बरोबर पोटाखालच्या, अंतर मोजणाऱ्या डोळ्यांसमोर येई, आणि बिचाऱ्याला वाटे खाली काहीतरी आडवं आहे, उतरू नये. तरी त्यानं काम चोख केलं. तो घोंघावणारा, लिंबू हलवणारा अवतार मागून येताना बघून सगळा कळप जाळीतल्या वाटेनं खाली धावत सुटला. अपवाद बोकडाचा. त्याचं नाव हवालदार. तो वळला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, आणि तुमच्या ड्रोनला त्यानं रीतसर आव्हान दिलं. मी ड्रोन डावीकडं घेतला, हवालदार डावीकडं. उजवीकडं घेतला, उजवीकडं. तुमच्या रानाच्या बांधावर झाली होती ती सगळी बोलणी मला आठवली. शेवटी अयोध्याबाईनं खालून त्याला अशी शिवी घातली की तो शरमून खाली आला.

कळप पट्टीवर उतरला आणि त्याच क्षणी फोन किंचाळायला लागला. बॅटरी. तुम्ही सांगितलं होतं की बॅटरी संपत आली की तो आपोआप जिथून उडाला तिथं परत येतो, काळजी नको. बरोबर आहे. पण दाजी, तो उडाला होता गोरोबाच्या डोक्यावरून, आणि गोरोबाचं डोकं तोवर बेटाच्या दुसऱ्या बाजूला आलं होतं. घर चालतं असलं तर काय करायचं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत ड्रोन आमच्या डोक्यावरून, आम्हाला न ओळखता, सरळ बेटाच्या अलीकडं भर पाण्यावर गेला आणि जिथं आम्ही नव्हतो तिथं उतरायला लागला. मी दिसेल ते बटण दाबलं. अयोध्याबाईला शेळ्यांपाशी सोडून गोरोबानं होडी हाणली.

आणि लिंबानं लाज राखली. ड्रोन थांबला की लिंबू खाली, म्हणून तो उतरेना. वाऱ्याची झुळूक आली की लिंबू बाजूला, की हा हातभर खाली. झुळूक गेली की पुन्हा थांब. असा तो नव्या नवरीसारखा एकेक पायरी थांबत उतरत होता. एरवी आम्ही पोचायच्या आत तो माशांच्या ताब्यात गेला असता. आम्ही पोचलो तेव्हा मिरची पाण्याला टेकत होती. गोरोबानं वल्हं टाकलं, दोऱ्याला हात घातला आणि पतंग उतरवावा तसा त्याला होडीत ओढला. मी मदतीला वाकलो. मदत झाली नाही, चष्मा गेला.

त्यानंतरच्या खेपा, शेळ्या, पिल्लू, काठावरचा जल्लोष, हे काय वर्णावं! पिल्लू अयोध्याबाईच्या पदरात, ड्रोन पुन्हा पाटावर, पाट पुन्हा गोरोबाच्या डोक्यावर, आणि हलगीच्या तालावर वस्तीपर्यंत मिरवणूक. गोरोबा आता सांगत फिरतो की, "शेळ्या हायत हे मला म्हाईतच हुतं, फकस्त नक्की करायचं हुतं." मी त्याला सोडून दिलंय. विजयाच्या दिवशी माणसानं उदार असावं. मात्र विजय कुणाचा हे गावानं नीट ठेवावं म्हणून इथं नोंदवतो : तो विज्ञानाचा, थंड डोक्याचा आणि माझा. लिंबाचा संबंध केवळ योगायोगाचा.

तुमचा ड्रोन सुखरूप, जसा होता तसा, पुन्हा कपाटावर आहे. अक्काला नमस्कार.

आपला,
बिभीषण

ता. क. : 'जसा होता तसा' यात थोडी दुरुस्ती. मिरवणुकीत हवालदार मागून चालत होता हे उशिरा लक्षात आलं. त्यानं लिंबू, मिरच्या, दोरा आणि एका पंख्याचं टोक खाल्लं. पंखा मागवावा. बोकडाची तब्येत उत्तम आहे.

आणखी एक : पिल्लू बोकड आहे. अयोध्याबाई त्याला तुमचं नाव ठेवणार होती, ड्रोनच्या मालकाचा मान म्हणून. मी सोयरिकीची मर्यादा समजावली. तरीही कानावर आलं तर मला काही माहीत नाही.

मुद्द्याचं राहिलंच : पंख्याबरोबर बॅटऱ्याही दोन धाडाव्यात, आणि पेटी दिवाळीपर्यंत इथंच असू द्यावी. दुकानापुढं काल एक म्हैस हरवलेला, एक कोंबड्या हरवलेला आणि एक बायको माहेरी गेलेला, असे तिघे बसले होते. तिसऱ्याला मी परत पाठवलं.

शेवटचं, आणि हे वाचून अक्काच्या हाती पत्र देण्याआधी एवढा भाग फाडून टाकावा : मंगळवारी दुकान बंद आहे. ड्रोन पाण्याकडं उतरत होता तेव्हा गोरोबा वल्ह्यात गुंतला होता आणि अयोध्याबाई मागं किनाऱ्यावर होती, म्हणून कुणी ऐकलं नसावं, पण मी येरमाळ्याच्या येडाईला खण-नारळाचा नवस बोलून बसलो. राजेश्वरीला सांगितलंय, बार्शीला टोनर आणायला चाललोय. सकाळच्या एसटीनं जातो, दुपारी परत. नारळ पिशवीत खाली ठेवलाय, वर खण, आणि त्याच्यावर वर्तमानपत्र.