जयवंताताई आणि पार्टी

२ एप्रिल
ठरलं. जयवंताच्या मागे बसून व्हायोलिन वाजवण्याचा हा चौदा एप्रिलच्या जयंतीचा शेवटचा सीझन. एक मेपासून सोलो. बायको गाते चांगली, लोक गर्दी करतात, पण त्या गर्दीत माझ्यातला कलावंत गुदमरून राहिला आहे.
काल मोबाइलवर एक लेख सापडला. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत असंच जोडपं होतं. नवरा व्हायोलिन, बायको गाणं. जाहिरातीत नवऱ्याचं नाव हे एवढं मोठं, खाली बारीक अक्षरांत बायको. याला म्हणतात पद्धत! अर्धा वाचला आणि लाइट गेली, नेटही गेलं. खापरखेड्यात! जिथे आम्ही वीज बनवतो त्या कॉलनीत! असो. मुद्दा कळला.

५ एप्रिल
पोस्टर आलं. 'जयवंताताई आणि पार्टी'. म्हणजे मी पार्टी. ढोलकीवाला, कीबोर्डवाला अंकुश आणि बावीस वर्षं संसार केलेला मी, सगळे एका शब्दात. जयवंताला बोललो. म्हणाली, "मी सांगतलं होतं जी मंडळवाल्याइले. ते म्हणे जागा नाही." जागा कशी असेल? अध्यक्षांच्या पुतण्याचा गॉगल घातलेला फोटो आहे तिथे.

७ एप्रिल
पहाटे दोन तास रियाज, आजपासून. उठलो. कूलर लावला तर व्हायोलिन ऐकू येत नाही, बंद केला तर घामाने हनुवटीखालून सटकतं. नागपूरकडच्या उन्हाळ्यात सोलो कलावंत का तयार होत नाहीत ते आज समजलं. उद्यापासून.

१० एप्रिल
आजचा दिवस माझा! तिसऱ्या गाण्यात मधला व्हायोलिनचा पीस आला आणि शिट्ट्या, वन्स मोअर. पुढच्या रांगेतल्या एक आजी पदराने डोळे पुसत होत्या. विशेष म्हणजे पीस सुरू व्हायच्या आधीच माझी पहिली तार तुटली होती. तरी वरचे सूर जसेच्या तसे, खणखणीत. साधना म्हणतात ती हीच. मी अंकुशकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली. पोराला आदर आहे.
स्टेजवर मात्र मला स्पीकरच्या मागे बसवलं होतं. समोर ढोलकीवाल्याची पाठ, बाजूला कनातीचा बांबू. बाहेर पडायला वाटच नाही.

१२ एप्रिल
जयवंताला सांगून टाकलं, चौदाच्या कार्यक्रमानंतर मी मोकळा. ती भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणाली, "काहून जी? काही चुकलं का माह्यं?" मला भरून आलं. बिचारी. माझा आधार गेला तर सुरात कशी राहणार? पण कलेला दयामाया नसते. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१३ एप्रिल
योजना पक्की. उद्या त्याच पीसला वाजवणं मध्येच थांबवायचं. पाच सेकंद शांतता. तिला, मंडळाला, पुतण्याला, सगळ्यांना कळेल व्हायोलिन काय चीज आहे.

१४ एप्रिल
पीस आला. मी गज उचलला. हवेत धरला.
व्हायोलिन वाजत राहिलं.
सुंदर वाजलं. शिट्ट्या आल्या. ढोलकीवाला मान डोलावत होता. मी अंकुशकडे पाहिलं, त्याची बोटं कीबोर्डवर पळत होती. जयवंताने मागे वळून बघितलं. मी गज हळूच तारांवर ठेवला आणि वाजवत असल्यासारखा हलवत राहिलो. उठून जायचं तर तो बांबू.

१५ एप्रिल
अंकुशला चौकात गाठलं. त्याने आधी चहा मागवला. म्हणाला, "भाऊ, कीबोर्डात व्हायोलिनचा टोन असते. तुमचा माइक दोन वर्षांपासून बंद हाये. वरच्या पट्टीत तुमचा सूर लय हलत होता. मंडळवाले म्हणे, मंग त्याइले आणता कायले? ताई म्हणे, ते नसन तं मी बी येत नाही. तुमाले सांगू नोको म्हणून शपथ घातली होती."
चहाचे पैसे त्यानेच दिले. मला सुचलं नाही.

१६ एप्रिल
मला कळलं हे जयवंताला कळता कामा नये. तिला वाईट वाटेल. मलाही वाटतंच आहे, खूप वाटतं आहे, पण ते ठेवू कुठे?
लेखाचा उरलेला अर्धा वाचला. नवरा देशोदेशी गाजला. बायकोने पुढे गाणं सोडलं. तिच्याबद्दल आणखी काहीच लिहिलेलं नाही. दोनदा शोधलं.

१९ एप्रिल
उन्हामुळे सोलो तूर्त रद्द.
उद्या रामटेकला कार्यक्रम आहे. नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात जाऊन पहिली तार आणली, बसवली, सुरात लावली. जयवंता दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "येता ना जी उद्या?"
म्हटलं, यावंच लागेल. माझ्याशिवाय तुझं कसं होणार?
ती म्हणाली, "नाहीच होत."