बसू तर अकोल्यातूनच

मी, पुरुषोत्तम किसनराव ताथोड, वय एकोणपन्नास, धंदा वह्या-पेनांचं दुकान, राहणार जठारपेठ, अकोला, हा लेख कोणाच्या दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझे साळे महादेवराव यांचं या बाबतीत वेगळं मत आहे. त्या मताला एक सकाळ कारणीभूत आहे, म्हणून आधी तिची हकिकत.

बेलोऱ्याच्या विमानतळावर अमरावतीचं पहिलं प्रवासी विमान उतरलं, त्या सकाळी मी कुंपणाबाहेरच्या गर्दीत विमानाकडे पाठ करून उभा होतो. लहानपणापासून मला विमानांचा नाद. नुसती घरघर ऐकून पंख्याचं की जेट ते मी सांगतो. तरी विमान समोर उतरत असताना मी तोंड अकोल्याकडे केलं. अमरावतीच्या विमानाकडे अकोल्याच्या माणसाने टाळ्या वाजवत पाहावं, इतकी वाईट वेळ आमच्यावर आलेली नव्हती.

महादेवराव अमरावतीचे. मुलीचं स्थळ दाखवावं तसे ते मला विमान दाखवायला घेऊन गेले होते. "जवाईबापू, पाहा ना इकडे! तुमच्या अकोल्याच्या शिवणीले विमान काय, पुढच्या जन्मी येईन!"

शेजारी माझा शाळेपासूनचा दोस्त धर्मपाल तायडे उभा होता. त्याने हळूच विचारलं, "कोनत्या रंगाचं हाये बे?"

"आपन पाठ फिरोली ना? मंग पायाचं नाही," मी म्हणालो.

आवाज थांबल्यावर मी वळलो. धर्मपालने पाठ फिरवलेलीच नव्हती. तो विमानाकडे तोंड करून, डोळे ताणून उभा होता आणि विमान त्याच्या नाकासमोर होतं.

काचबिंदू. त्याने मला सांगितलं नव्हतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. हा महापालिकेच्या शाळेत मास्तर. पोरांच्या वह्या घरी त्याची मुलगी करिश्मा वाचून दाखवायची.

आता मिळकतीची व्यवस्था.

कलम एक. राहतं घर आणि खालचं दुकान माझ्या पश्चात पत्नी रागिणी हिचं, तिच्यानंतर मुलगा विपुल याचं. लग्न ठरताना मी रागिणीला विमानात बसवण्याचं कबूल केलं होतं. ती अजून एसटीने माहेरी जाते. घर ही त्याची भरपाई नव्हे, पण माझ्याजवळ दुसरं काही नाही. विपुलने दुकानाचं 'रनवे बुक डेपो' हे नाव बदलू नये. अकोल्यातला निदान हा एक रनवे रोज वेळेवर सुरू होतो.

कलम दोन. माझी दुर्बीण महादेवरावांना. अमरावतीचं विमान काही रोज येत नाही. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी रिकामं आभाळ जवळून पाहायला तिचा उपयोग होईल. ते मला तेव्हापासून "पाठमोरे जवाई" म्हणून ओळख करून देत फिरले. तेही मी त्यांना साभार परत करतो.

कलम तीन. शिवणीची धावपट्टी माझ्या मालकीची नाही. मात्र कुंपणाशी उभं राहून विमानाची वाट पाहण्याची माझी जुनी वहिवाट आहे. ही वहिवाट मी निवडणुकीच्या सभेत अकोल्याचं विमान उडवणाऱ्या सर्वपक्षीय उमेदवारांना समान हिश्शाने देतो. त्यांनी तिथे उभं राहावं. उन्हाळ्यात राहावं.

कलम चार. शब्द. याचा निकाल मी जिवंतपणीच लावला, पण नोंद असावी.

आम्ही गावच्या शाळेत असताना शिवणीला कोणा पुढाऱ्याचं लहान विमान उतरलं. गुरुजींनी सगळी शाळा सोडली. आम्ही दोघे कुंपणाला नाक लावून उभे होतो. मी मोझरीच्या महाराजांची शपथ घेतली, "बसू तं अकोल्यातूनच." धर्मपाल म्हणाला, "मी शपथ घेत नाही, शब्द देतो." आमच्याकडे शपथ मोडली तर नारळ फोडून क्षमा मागता येते. त्याच्या शब्दाला तशी सोय नाही. त्यामुळे नागपूरहून स्वस्तात जायचे योग आले, तेव्हा तेव्हा अडून बसला तो हाच.

बेलोऱ्याहून आल्यावर मी म्हणालो, "आता चाल. अमरावतीहून जाऊ."

"शब्द देल्ला ना बे?"

"तुह्ये डोये थांबनार हायेत का शिवणीसाठी?"

"डोये माह्ये हायेत. शब्द दोघाईचा हाये."

पुढे काही महिने असेच गेले. मग एका संध्याकाळी मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, सामुदायिक प्रार्थनेला गेलो. मार्ग दाखवा, असं मनात म्हणत दारातच उभा राहिलो. तिथला सेवेकरी म्हणाला, "दादा, उभे काहून? बसून घ्या." मी बसलो, आणि प्रार्थनेत लक्ष लागेना. बसू. शब्द 'बसू' असा होता!

दुसऱ्या दिवशी धर्मपालचं घर गाठलं.

"आपन काय म्हनलो होतो? नीट सांग."

"बसू तं अकोल्यातूनच."

"उडू म्हनलो होतो का?"

"नाही."

"मंग बसू अकोल्यातच. एसटीत. उडाचं कुठून, ते ठरलंच नव्हतं."

करिश्मा तोंडाला ओढणी लावून हसत होती. शेवटी धर्मपाल म्हणाला, "तू वकील व्हाले पायजे होता. मास्तर इतका लबाड नसते." आणि मग, "सामान किती नेता येते?"

रागिणीचं म्हणणं पडलं, "विमानात बसाचं असन तं पयले मिळकतीचा कागद करून जा." मी केला नाही. जन्मभर ज्या विमानाला हात जोडले, त्याच्यावर असा अविश्वास दाखवून चढणं मला पटेना. आता सुखरूप परत येऊन लिहितो आहे. वकील म्हणतात, साक्षीदाराने सही होताना डोळ्यांनी पाहिली पाहिजे. म्हणून माझ्या सर्वांत जवळच्या माणसाचं नाव साक्षीदारांत नाही. कायद्याची माझी एवढीच तक्रार.

कलम पाच. खिडकीची जागा. माझ्या मिळकतीत मला खरोखर जड गेलेली वस्तू ही एकच. तिकिटावर ती माझ्या नावे होती. विमानाच्या दारापर्यंत ती मीच घ्यायची, असं माझ्या मनात होतं, हे लपवत नाही. धर्मपालला आत सरकवलं आणि स्वतःची समजूत घातली, की खाली काय काय दिसतं ते मी त्याला सांगत जाईन. विमानाने जमीन सोडली. मी त्याच्या खांद्यावरून वाकून सुरू केलं, "ते पाय, ते शेततळं, तो बडनेऱ्याचा..."

"चूप राय बे," धर्मपाल काचेला कपाळ टेकवून म्हणाला. "दिसून राहिलं मले."

मी मागे सरलो, पट्टा आवळला आणि मुंबईपर्यंत एक शब्द बोललो नाही. ती जागा मृत्युपत्राने देण्याचं कारण उरलेलं नाही. ती देऊन झाली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमक्ष खाली सही केली.

पुरुषोत्तम किसनराव ताथोड

साक्षीदार:
१. करिश्मा धर्मपाल तायडे, अकोला
२. अंकुर भास्करराव भांबेरे, शेजारचे दुकानदार, जठारपेठ

ठिकाण: अकोला
दिनांक: १४ डिसेंबर २०२५