मांडवात पुकारलेल्या आहेराचे घर

प्रति,
मा. घरनोंदणी अधिकारी साहेब,
घरनोंदणी कचेरी, अमरावती.

अर्जदार : सौ. मैना धर्मपाल तायडे, राहणार अमरावती.

विषय : माझ्या लग्नातील आहेरातून घेतलेल्या घरावर माझ्या भासऱ्यांचे नाव न चढवण्याबाबत.

संदर्भ : माझ्या यजमानांचे वडील भाऊ, म्हणजे माझे भासरे, श्री. देवमन पुंजाजी तायडे यांनी याच घराबद्दल आपल्याकडे दिलेला अर्ज. (मला दाखवलेला नाही, म्हणून तारीख लिहिता येत नाही.)

महोदय,

विनंतीपूर्वक लिहिते की, गेल्या मंगळवारी दुपारी घरात सामसूम असताना ज्वारीच्या डब्याचे झाकण वाजले. मुलीला थोपटता थोपटता माझाही डोळा लागला होता. उठून पाहते तर भासरे डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभे. आमच्या घरी धाकट्याच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचे नसते; जे बोलायचे ते लेकराच्या तोंडून. म्हणून मुलीला उठवले आणि म्हटले, "गौतमे, मोठ्या बाले विचार, काय पाह्यजे." ते तिला म्हणाले, "तुह्या मायले सांग, मीठ पाहून राह्यलो." साहेब, ज्वारीच्या डब्यात मीठ कोणी ठेवत नाही. ते घराची खरेदीचिठ्ठी शोधत होते असा माझा पक्का संशय आहे.

२. माझे लग्न सन १९५७ मध्ये बार्शीटाकळीला झाले. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. हुंडा नाही, वाजंत्री नाही, असे दोन्हीकडच्यांनी ठरवले होते. माझी आई इंदूबाई कापूस वेचायला जाते. तिने सगळ्यांना सांगून ठेवले, "गुंड-भांडे आणू नका वं बायांनो. पोरीले तिचं घर होऊ द्या." बायांनी पदराच्या गाठी सोडून आहेर केला. एकेक आहेर भोंग्यावर पुकारला गेला आणि पुकारणारे दुसरेतिसरे कोणी नव्हते, हेच भासरे होते. "मनकर्णाबाईकडून नवरीले!" असे त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकवले. सबब माझा पहिला साक्षीदार त्यांचेच तोंड आहे. रक्कम किती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अर्ज कोणाकोणाच्या हातून जाईल ते मला ठाऊक नाही.

३. ते पैसे पोस्टात राहिले. मुलीच्या बारशालाही त्यांना हात लावला नाही. मागल्या वर्षी सहदेव मिस्त्रींकडून या दोन खोल्या घेतल्या. वर टिनाचे पत्रे आहेत, पण भिंती पक्क्या आहेत. खरेदीचिठ्ठी माझ्या नावाची आहे. (नक्कल सोबत जोडली आहे. मूळ कागद कुठे आहे ते लिहीत नाही.) आलो त्या दिवशी गौतमी प्रत्येक भिंतीला हात लावून विचारत होती, "हे बी आपलं?" मी हो म्हणत गेले. कोनाड्यापाशी तिने दोनदा विचारले, मी दोनदा सांगितले.

४. भासरे पोळ्याला चार दिवसांसाठी आले, ते अजून आहेत. त्यांनी ओटा वितीने मोजला. नत्थुजी पानठेलेवाले आमच्या रस्त्याकडच्या भिंतीकडे पाहत उभे राहतात आणि मी दिसले की आभाळाकडे पाहू लागतात. नाव चढले की पुढची खोली नत्थुजींना विकली जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. माझे यजमान अकोल्याला जिनिंगमध्ये आहेत, शनिवारी येतात. त्यांना सांगितले तर म्हणाले, "दादा काय घर खाऊन टाकतीन का? घरावर नाव मोठ्याचंच लागत असते." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते जेवलेही कमीच.

५. तरी कृपा करून आपले उत्तर शिपायाहाती पाठवू नये. आपले शिपाई नत्थुजींकडे पान खातात. टपालानेही नको, कारण टपाल भासरे घेतात. मी शुक्रवारी स्वतः येईन, माझ्या हातात द्यावे. माझ्या वतीने यजमान आले तर त्यांनाही देऊ नये. हे वाक्य लिहून पेन खाली ठेवले होते, पण खोडत नाही.

६. चौकशीला दोघांना बोलावल्यास भासऱ्यांसमोर माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. म्हणून मुलीला मध्ये उभी राहू द्यावी आणि तिचे बोलणे ते माझे बोलणे समजावे, ही विशेष विनंती. भासऱ्यांनाही मला काही विचारायचे तर तिच्यामार्फतच विचारावे लागेल. ती पाच वर्षांची आहे, पण शब्द स्पष्ट आहेत. "घर माह्या मायचं हाय" हे मी तिच्याकडून रोज दुपारी म्हणवून घेते. ते बाजारात गेले की घेते, हा अर्जही तसाच लिहिला आहे.

आज म्हणवून घेताना ती मध्येच थांबली. तिच्या मुठीत फुटाणे होते. "मोठ्या बानं बी शिकवलं," म्हणाली. "घर मोठ्या बाचं हाय, असं म्हणाचं." मी तिला रागावले नाही. तिचे तोंड पुसले, जवळ घेतले. मग तिने विचारले, "माय, तुमी दोघं बी तिथं असान नं? मंग साहेबानं मलेच इचारलं, पोरी, तुह्यं घर कोणतं, तं मी काय सांगू?"

आपल्या कचेरीच्या दाराशी शुक्रवारी येऊन बसणारी,
सौ. मैना धर्मपाल तायडे
अमरावती, ता. १९ मार्च १९६३