बाबांच्या बाकड्यावरचं गुणसूत्र

७ जुलै, सावंगी
गुणसूत्राचं आजही कांदाभजं झालं. त्याचा कोणता तुकडा कोणाला किती वेळा चिकटलेला सापडला, याचा तक्ता माझ्याकडे आहे. जास्त भेटी म्हणजे जवळ, कमी म्हणजे लांब, असं धरून प्रोग्रॅमनं आकार काढायचा. काढतो, पण भजं. गाइड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पंधरवड्यात जमलं नाही तर विषय बदलू." दोन वर्षं घातलीत मी यात. नाही बदलणार. जेवण गेलं नाही असं लिहिणार होते, पण तीन पोळ्या खाल्ल्या.

९ जुलै
चोर सापडले. तुकडा ५ हा ४० ला खेटतो, ७१ लाही खेटतो. ४० आणि ७१ मात्र एकमेकांना कधीच नाही. कसं शक्य आहे? प्रोग्रॅम बिचारा सगळ्यांना ओढून चेंगरतो.

१२ जुलै, जाम
घरी. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बाबांना तक्ता दाखवला. ५ म्हणजे तुम्ही, म्हटलं.
"मंग चाळीस वासुदेव, एकाहत्तर पुंडलिक."
गावातले सख्खे भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडले तेव्हापासून बोलत नाहीत. दोघंही दुकानापुढच्या बाकड्यावर बाबांना खेटून बसतात.
"पर एका दिवशी नाई ना व. एक बसला दिसला का दुसरा रस्त्यातूनच वापस. तुह्या तक्त्यात दिवस लिहून हाय काय?"
नाही! एकेक पेशी म्हणजे एकेक दिवस. तक्ता लाखो पेशींचा एकत्र, आणि मी सगळ्यांचा मिळून एकच आकार शोधत बसले. वेडीच.
आई : "काऊन हासून राह्यली?" काय सांगणार.

१८ जुलै, सावंगी
एका आकाराऐवजी शंभर काढले. सगळ्यांची बेरीज तक्त्याशी जुळावी, एवढीच अट. जुळली. भजं गेलं. काहींत ५ जवळ ४०, काहींत ७१. मॅडमनी चष्मा काढून पाहिलं. "जुळवलंस म्हणून जुळलं. खऱ्या पेशीत तिघं एकत्र सापडले तर?" बरोबर बोलल्या, म्हणून जास्त राग आला. पण ते तपासेपर्यंत विषय माझाच.

४ ऑगस्ट
मैत्रिणीच्या लॅबमधून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. तीस पेशी, तीन तुकड्यांना तीन रंग. अठरा पाहिल्या, तिघं एकत्र कुठंच नाहीत. तेवढ्यात बाबांचा फोन.
"भाऊ दिसले काय एका जागी?"
"अजून नाही."
"दिसले तं सांगजो. आमच्या दोघाइलेही सांगीन, पाहा म्हणून."
फोन ठेवल्यावर जरा वाईट वाटलं. बाबांना ते एकत्र दिसायला हवेत, मला नकोत. बारा राहिल्या. एकोणिसावी उघडते.