आई ठणठणीत आहे

ताई,

हे पत्र मी काही टाकणार नाही, पण कुणाशी तरी भांडायचंय.

बाहेरदेशातून नोकरीला आलेल्यांच्या घरात म्हातारं माणूस असलं, तर इथलं सरकार दिवसा मदतनीस देतं. आईला त्याची गरज आहे का, ते तपासायला आज सरकारकडून एक बाई आल्या होत्या. आईला बजावलं होतं, "जे होत नाही ते सरळ सांग." पण दारात परकं माणूस दिसलं आणि मातोश्रींच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. वॉकर पलंगामागे ढकलला आणि भिंत धरत धरत चहा घेऊन आली.

"अंघोळ कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

"सांग त्यांना, माझी मी करते. हातपाय धड आहेत अजून."

सकाळीच मी तिला न्हाऊ घातलं होतं. पण तिला न कळणाऱ्या भाषेतसुद्धा तिच्यादेखत तिला खोटं पाडवेना. तेच भाषांतर करून सांगितलं.

निघताना बाई दारात थांबल्या. "तुम्ही फार दमलेल्या दिसता. नोकरी सांभाळून हे सगळं झेपतं ना? झेपत नसेल तर सांगा, अजूनही अहवालात तसं लिहिते."

मी म्हटलं, "छे हो, मला कसला त्रास!"

तुझी,
आईवर गेलेली धाकटी