घाई नसलेलं काम

प्रिय आई,

आधी नमस्कार, मग खुशाली. जेवण वेळेवर होतं, झोपही लागते. एवढं लिहीपर्यंत दोनदा कामासाठी खुर्चीवरून उठले, अक्षर चालवून घे. बाबांचा चष्मा सापडला का? फ्रिजवर बघ.

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांची आकडेमोड एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर चालते. कुणाचं काम आधी घ्यायचं, तो नियम मीच लिहिला. कौतुकही झालं. माझं स्वतःचं काम टाकताना मात्र भिडेपोटी त्यावर ‘घाई नाही’ असं लिहिलं. अकरा दिवस ते रांगेतच होतं. रोज कुणीतरी घाईचं घेऊन यायचं आणि माझाच नियम त्याला पुढे घ्यायचा. सर म्हणाले, “नियम चोख चाललाय की तुझा.” मला काही हसू आलं नाही.

काल मी तो नियम बदलला. जे काम जास्त थांबलंय, ते आता आपोआप पुढे सरकतं.

मग तुझी पत्रं काढून बसले. दोन वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी तू लिहितेस, ‘गुडघ्याचं बघू, घाई नाही. तूही सवडीने ये.’

वीस तारखेला येते आहे. डॉक्टरांची वेळ आजच घे. विचारलं तर घाई आहे म्हणून सांग.

तुझीच,
ठकी