आप्पाजींचा शाकाहार

३ जानेवारी, शनिवार
बेळ्ळंदूरच्या आमच्या हॉलमध्ये अखेर समुद्र आला. व्हाइटफील्डच्या रोशनच्या दुकानातून खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी सी अ‍ॅनिमोन आणलं. आहे प्राणी, दिसतं शेवंतीसारखं. रुबाब बघून नाव ठेवलं, आप्पाजी. सुप्रीताची अट: मागच्या दोन माशांसारखं हेही महिनाभरात गेलं, तर टाकी बाहेर आणि तिथे तिचं ऑफिसचं टेबल. बायकोला सायन्स कळत नाही. (एम.एस्सी. बायोलॉजी आहे, पण ते जुनं.)

४ जानेवारी
रोशन म्हणाला होता, आठवड्यातून दोनदा स्वल्प कोळंबी द्या. आई म्हणाली, या घरात कोळंबी आली तर मी निघाले येलहंक्याला, अक्काकडे. संकल्प: आप्पाजींना शाकाहारी करणे. माणसं होतात, यांना तर मेंदूही नाही.

५ जानेवारी
भिजवलेली मूगडाळ दिली. घेतली! म्हटलं नव्हतं?
सायं. ७. थुंकली. सवय लागेल.

९ जानेवारी
आप्पाजी आकसून सुपारीएवढे. पाण्याला वास. सुप्रीता टेप घेऊन भिंत मोजत होती. मी म्हणालो, हे डिटॉक्स आहे. खरं म्हणजे रात्री दोनदा उठून टाकीत डोकावलो. बिचारा जीव माझ्या भरवशावर आलाय. असो, हे डायरीतच राहू दे.

१० जानेवारी
निम्मं पाणी बदललं. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज, म्हणून भरवायचं काम आईकडे. रोज वाटीभर डाळ भिजवून देईन म्हटलं. आई म्हणाली, सरी, म्हणजे बरं. एका शब्दात! समजावण्याची हातोटी लागते.

१८ जानेवारी, रविवार
आप्पाजी उघडले! मूगडाळ लागू पडली. पापडाचा लांब चिमटा सापडत नाही. कामाला येणाऱ्या शिवलीलाला विचारलं, तर नुसती हसली. आईने दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ केली. या गारठ्यात! वय झालं.

२१ जानेवारी, बुधवार
घरून काम. आईची परत दुसरी आंघोळ. डॉक्टरला दाखवायला हवं. जेवायला परत कोसंबरी, सलग अकरावा दिवस. एवढी मूगडाळ या घरात आणतं कोण?

२५ जानेवारी
आप्पाजी बशीएवढे. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं: पुढच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान, 'शाकाहारी समुद्र'. सुप्रीताने ग्रुपवर अंगठा टाकला. वर केलेला. शेवटी पटलंच.

१ फेब्रुवारी, रविवार
सोळा माणसं. चौथ्या स्लाइडला शिवलीला आली, आईच्या हातात डबा दिला. आईने पदर खोचला, टाकीमागून चिमटा काढला आणि सगळ्यांदेखत आप्पाजींना कोळंबी भरवली. जेवणाची वेळ झाली होती म्हणे. शेजारच्या देवाप्पांनी विचारलं, मग डाळ? आईने सांगितलं, डाळीची कोसंबरी होते. कोळंबी बुधवारी नि रविवारी, एकादशी आली तर नाही. घरात ठेवायची नाही, भरवली की डोक्यावरून आंघोळ. उपाशी जीव डोळ्यांना बघवेना, म्हणाली.
टाळ्या पडल्या. आईला.
सुप्रीताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार
टाकी राहिली. आईची म्हणून. मी भरवायला गेलो तर आप्पाजींनी तोंड मिटलं. आता माझ्याकडे फक्त कोळंबी आणणे आणि बाल्कनीत सोलणे. त्यानंतर आंघोळ मलाही सक्तीची.
आत्ताच करून आलो. गरम पाणी आईने आधीच संपवलं होतं.